गच्चीवर एकच सिनेमा: ग्रॅव्हिटी, इंटरस्टेलर की द मार्शियन?

रामबागकर, इंदूर
शुक्रवार, रात्री १०:१२

मंडळी, सल्ला हवा आहे, आणि जरा घाईने हवा आहे.

आमच्या कॉलनीत दरवर्षी डिसेंबरच्या सुटीत गच्चीवर पांढरी चादर ताणून मुलांना एक सिनेमा दाखवतो. यंदा बावीस पोरं आहेत, सातवी ते दहावीतली. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि आपसांत हिंदी. गेल्या वर्षी आम्ही मोठ्यांनी निवडलेला सिनेमा निम्म्या पोरांनी झोपून काढला, म्हणून यंदा त्यांनाच विचारलं. अंतराळाचा हवा, यावर सगळे एकमत. कोणता, यावर तीन तट: ग्रॅव्हिटी, इंटरस्टेलर आणि द मार्शियन. मुलांत पडले तसे आईबापांतही पडले.

माझं मत आधीच सांगतो. द मार्शियन. २०१५ चा, रिडली स्कॉटचा. त्यात खलनायक नाही, लेझरच्या बंदुका नाहीत. मंगळावर एकटा उरलेला माणूस पहिल्यांदा काय करतो, तर डबे मोजतो. किती दिवसांचं अन्न, किती कॅलरी, पुढचं यान यायला किती दिवस. मग तो बटाटे लावतो. आमच्या पोरांनी महूच्या रस्त्यावर बटाट्याची शेतं पाहिली आहेत, त्यामुळे बटाट्याचं बेणं म्हणजे काय ते त्यांना शिकवावं लागणार नाही.

आणि तो पाथफाइंडरचा प्रसंग! ४ जुलै १९९७ ला खरोखर मंगळावर उतरलेलं, नंतर गप्प झालेलं यान हा माणूस वाळूतून उकरून काढतो. त्याचा कॅमेरा फक्त गोल फिरू शकतो. पृथ्वीवरून अक्षरं पाठवायची तर सव्वीस अक्षरांच्या पाट्या गोलात लावाव्या लागतील, आणि मग दोन पाट्यांमधला कोन इतका लहान होईल की कॅमेरा नेमका कुठे बघतोय ते कळणार नाही. म्हणून तो सोळाच पाट्या लावतो, साडेबावीस अंशांवर एक, आणि संगणकाच्या षोडशमान, म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत अक्षरं वाचतो. माझ्या मुलाने हा प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला आणि मग वहीत गोल काढून बसला. वही उघडायला लावणारा सिनेमा मला हवा आहे.

तुम्ही काय दाखवाल?

सयाजीगंज, वडोदरा
शुक्रवार, रात्री १०:५१

मार्शियनला माझं अनुमोदन. पण दादा, काहीही करा, ग्रॅव्हिटी दाखवू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण मी याच विषयात शिकलो आहे.

त्यातले अंतराळवीर हबल दुर्बिणीवर काम करत असतात. अपघात होतो आणि ते पाठीवरच्या जेटपॅकने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जातात, जणू इंदुरात राजवाड्यावरून शेजारच्या सराफ्यात. प्रत्यक्षात हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली आहे आणि स्थानकाची ५१.६ अंशांनी. सिनेमा आला तेव्हा दोघांच्या उंचीतही शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर होतं. उंचीचं एक वेळ सोडून देऊ. पण सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वस्तूची दिशा निदान २३ अंशांनी वळवायची म्हणजे सेकंदाला सुमारे तीन किलोमीटरचा वेगबदल हवा. १९८४ च्या फेब्रुवारीत ब्रूस मॅककँडलेस दोरीशिवाय अंतराळात तरंगला, त्याच्या जेटपॅकची सगळी मिळून ताकद होती सेकंदाला पंचवीस मीटर. म्हणजे तशा एकशेवीस पॅकचं इंधन लागेल.

आणि दोरीचा प्रसंग. नायिकेचा सोबती क्लूनी दोरीला लटकलाय, खाली खेचला जातोय, म्हणून हात सोडतो. कोण खेचतंय त्याला? दोघंही स्थानकाबरोबर फिरताहेत, दोरी ताणून थांबली आहे. एक हलका हिसका दिला असता तर तो तिच्याकडे तरंगत आला असता. त्या सिनेमातला सगळ्यात करुण मृत्यू विज्ञानाच्या चुकीमुळे झाला आहे. मुलांना हे दाखवायचं?

ध्रुवतारा, सध्या बंगळूर, मूळ इंदूर
शुक्रवार, रात्री ११:२०

इंटरस्टेलर. मला दुसरा पर्याय सुचतच नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरात मी नववीत होते. बाबांची नोकरी बाहेरगावी, महिन्यातून दोनदा घरी यायचे. त्या सुटीत त्यांनी मला हा सिनेमा दाखवला. त्यात कृष्णविवराजवळ एक पाण्याचा ग्रह आहे, तिथे काळ इतका मंदावतो की तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवर सात वर्षं. वीरमंडळी परत यानात येतात तेव्हा मागे थांबलेला सोबती पांढऱ्या केसांचा झालेला असतो. तेवीस वर्षं, चार महिने, आठ दिवस. मग नायक कूपर पडद्यासमोर बसून मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक बघतो. बाबा शेजारी रडत होते आणि ते का रडताहेत ते मला तेव्हा कळलं नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत तो भारतात पुन्हा लागला. आता मी बंगळूरला, बाबा निवृत्त होऊन इंदुरात. थिएटरमध्ये मी एकटी होते आणि त्या प्रसंगात निरोप पाठवणारी मुलगी मी नव्हतेच, दूर गेलेली मी होते. बाहेर आल्याबरोबर फोन लावला.

रामबागकर दादा, तुमच्या बावीस मुलांपैकी निम्मी तरी शिकायला घर सोडून जातील. सापेक्षता त्यांना कॉलेजात कुणीही शिकवेल. काळ वाया जाणं म्हणजे काय, ते इतक्या लहान वयात इतकं थेट कोण सांगणार?

लष्करवाला, ग्वाल्हेर
शनिवार, सकाळी ७:३५

तीनच नावं का? १९९८ चं वर्ष विसरलात सगळे.

त्या वर्षी दोन महिन्यांच्या आत दोन सिनेमे आले, दोघांचा विषय एक: पृथ्वीवर आदळायला निघालेला गोळा. मे महिन्यात डीप इम्पॅक्ट, जुलैत आर्मगेडन. पैसा दुसऱ्याने जास्त कमावला, आमच्या कॉलेजातही त्याचंच वेड होतं. मी तेव्हापासून पहिल्याच्या बाजूने भांडतो आहे आणि आजही भांडेन.

आर्मगेडनमधला लघुग्रह टेक्सास राज्याएवढा. एवढा मोठा लघुग्रह अख्ख्या पट्ट्यात नाही, सगळ्यात मोठा सीरीस तोही ९४० किलोमीटरच्या आसपास. आणि तो गोळा दिसतो कधी, तर आदळायच्या अठरा दिवस आधी! डीप इम्पॅक्टमधला धूमकेतू अकरा किलोमीटरचा, आणि तो सापडतो शाळेच्या खगोल मंडळातल्या चौदा वर्षांच्या मुलाला. बावीस शाळकरी मुलांसमोर लावायला याहून चांगली सुरुवात कोणती? सल्लागार होते जीन आणि कॅरोलिन शूमेकर. १९९४ च्या जुलैत ज्या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, त्याच्या नावात ज्यांचं नाव आहे तेच हे दाम्पत्य.

हे विषय आपल्याला परके नाहीत. भारतात आघाताने झालेली, पुराव्यानिशी मान्य झालेली विवरं बोटांवर मोजण्याइतकी: लोणार, राजस्थानात बारां जिल्ह्यातलं रामगढ आणि आमच्या शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला. लोणारला मराठी माणूस आवर्जून जातो. ढालाला ग्वाल्हेरचाही जात नाही, कारण तिथे तळं नाही, काठावर देवळं नाहीत. दीड अब्ज वर्षांहून जुनं, झिजून सपाट झालेलं, सुमारे अकरा किलोमीटर व्यासाचं. मी मुलीला घेऊन गेलो होतो. तिने विचारलं, "बाबा, खड्डा कुठाय?" मी म्हटलं, आपण खड्ड्यातच उभे आहोत. ती गप्प झाली, मीही झालो.

आणि हे फक्त घाबरवणं नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला मुद्दाम धडक दिली. त्याची मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ११ तास २३ मिनिटांवर आली. आर्मगेडनसारखा बॉम्ब नाही, खोदकाम करणारे पहिलवान नाहीत, नुसता धक्का.

कृत्तिका, इंदूर
शनिवार, दुपारी ४:०५

मी गणित शिकवते, आठवी ते दहावी. म्हणून चुकांबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे.

रामबागकर दादा, तुमच्या लाडक्या मार्शियनची सुरुवातच चुकीची आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. वादळामुळे यान कलंडायला लागतं, म्हणून सगळे पळतात आणि तो मागे राहतो. मंगळाची हवा आपल्या हवेपेक्षा फारच विरळ, घनतेत साधारण साठावा भाग. वाऱ्याचा जोर घनतेच्या पटीत वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. मी वर्गात हा प्रश्न घातला होता: मंगळावर ताशी १७५ किलोमीटरचा वारा आपल्याला पृथ्वीवरच्या किती वेगाच्या वाऱ्यासारखा वाटेल? साठचं वर्गमूळ पावणेआठ. १७५ भागिले पावणेआठ, साधारण साडेबावीस. म्हणजे गच्चीवर वाळत घातलेले कपडे जोराने फडफडतील, इतकंच. आणि तिथली खरी वादळं ताशी शंभराच्या आसपास, म्हणजे आपल्या तेरा किलोमीटरएवढी. शब-ए-मालवाची, म्हणजे आपल्या माळव्यातल्या रात्रीची झुळूक. त्याने यान पडत नाही. लेखक अँडी वेअर यांनाही हे ठाऊक होतं, त्यांनी ते उघडपणे मान्य केलं आहे.

बटाट्यांचंही तसंच. फीनिक्स यानाला २००८ साली मंगळाच्या मातीत परक्लोरेट हा घातक क्षार सापडला. ती माती धुतल्याशिवाय त्यात पिकलेलं खाणं म्हणजे थायरॉइडला आमंत्रण.

पण ज्या दिवशी मी तो वाऱ्याचा प्रश्न घातला, त्या दिवशी वर्गमूळ कशाला शिकायचं असं कुणी विचारलं नाही. एरवी दर वर्षी विचारतात. सयाजीगंज, तुम्ही चूक दाखवून सिनेमा बाद करता. मी म्हणते, मुलांना आधी तो मनापासून बघू द्या आणि मग चूक त्यांनाच शोधू द्या. चूक शोधायला नियम कळावा लागतो.

आणि ग्रॅव्हिटीवर इतके रागावू नका. अंतराळात आवाज नसतो हे त्या सिनेमाने जितक्या निष्ठेने पाळलं, तितकं फार कमी जणांनी पाळलंय. स्थानकाचे तुकडे होतात आणि कानावर फक्त संगीत येतं. नायिकेचा हात एखाद्या वस्तूला लागतो तेव्हाच त्या वस्तूची थरथर ऐकू येते. आवाजाला माध्यम लागतं, हे वाक्य मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहितेय. तिथे ते कानाला कळतं.

सयाजीगंज, वडोदरा
शनिवार, सायंकाळी ६:४८

कृत्तिकाताई, तुमचा मुद्दा पटला, अर्धा. सगळ्या मुलांना तुमच्यासारख्या बाई मिळत नाहीत. उरलेल्यांच्या डोक्यात जेटपॅकने हबलहून स्थानकावर जाता येतं हेच कायमचं बसतं. माझ्याही बसलं होतं.

आणि चुकांचा हिशेब करायचा तर इंटरस्टेलरलाही सोडू नका. पृथ्वीवरून निघताना त्यांना टप्प्याटप्प्याचं अवाढव्य रॉकेट लागतं. पाण्याच्या ग्रहावर गुरुत्व पृथ्वीच्या १३० टक्के, तिथून मात्र तेच छोटं यान एकटं उडतं. कृष्णविवर इतकं सुंदर दिसतं, त्याच्यावर किप थॉर्नसारख्या भौतिकशास्त्रज्ञाने काम केलं, ते सगळं खरं. पण त्याच्याभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या तबकडीची जी बाजू आपल्याकडे वेगाने येते ती जास्त उजळ दिसायला हवी. दिग्दर्शकाने ती मुद्दाम दोन्हीकडे सारखी ठेवली, प्रेक्षक गोंधळू नयेत म्हणून. एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र आलं, त्यात बघा, एक कड ठळक आहे.

ग्रॅव्हिटीच्या एका गोष्टीला मात्र दाद देतो. रशिया स्वतःचा उपग्रह क्षेपणास्त्राने फोडतो आणि तुकड्यांचा पूर येतो, ही २०१३ ची कल्पना. १५ नोव्हेंबर २०२१ ला रशियाने कॉसमॉस १४०८ खरोखर फोडला आणि स्थानकातल्या अंतराळवीरांना परतीच्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्या दिवशी मला तो सिनेमा आठवला आणि घशाला कोरड पडली.

नाना_तुकोगंज, इंदूर
शनिवार, रात्री ९:३०

सगळ्यांचं वाचलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मध्ये बोलावं की नाही, म्हणून दिवसभर थांबलो.

बाळांनो, आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन तत्त्व उलगडतात, उत्तररंगात आख्यान लावतात. मध्ये बुक्का लावतात, हार घालतात. पूर्वरंगात काही जण पेंगतात, आख्यानाला सगळे जागे होतात. पण ज्याने पूर्वरंग ऐकला नाही, त्याला आख्यान नुसती गोष्ट म्हणून कळतं.

अंतराळाच्या सिनेमांचेही मला हेच दोन भाग दिसतात. १९६८ साली दिग्दर्शक क्युब्रिकने लेखक आर्थर क्लार्कबरोबर '२००१: अ स्पेस ओडिसी' हा सिनेमा लिहिला, तो पूर्वरंग. चंद्रावर अजून माणूस उतरला नव्हता, तेव्हा त्यांनी अडतीस फूट व्यासाचं फिरतं चाक उभारून त्यात नटाला धावायला लावलं, कृत्रिम गुरुत्व कसं असेल ते दाखवायला. तासभर कुणी फारसं बोलत नाही. अंतराळवीर बाहेर पडला की फक्त त्याचा श्वास. मी तो मुंबईला काकांकडे गेलो असताना पाहिला. शेजारचे दोघे उठून गेले, मी दिवे लागल्यावरही बसून होतो. १९७७ चा स्टार वॉर्स आणि त्याचे पुढचे भाग, हे आख्यान. शून्यात स्फोटाचे धडाके ऐकू येतात, पण त्याला ते माफ आहे. तिथे गुरू आहे, शिष्य आहे, पित्याशी युद्ध आहे. पुराणात बाणांना आग लागते तेव्हा आपण रसायनशास्त्र विचारत नाही. माझा नातू स्टार वॉर्सचा भक्त आहे आणि मी त्याला कधी टोकलं नाही.

ध्रुवतारा बेटा, तू ज्या काळ मंदावण्याबद्दल लिहिलंस, तो आपल्या मराठीत चाळीस वर्षं आधी येऊन गेलाय. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा पहिली आली. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी कौल देऊ नये म्हणून आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले त्या रात्री मी त्यांच्या कथांचं जुनं पुस्तक काढून बसलो होतो.

आणखी एक सांगतो, इंदूरकरांना याचा अभिमान असायला हवा. त्या किप थॉर्नना २०१७ चं नोबेल मिळालं ते गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगोसाठी. तशीच वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात उभी राहते आहे, आणि तिच्यामागच्या प्रमुख संस्थांत आपलं राजा रामण्णा केंद्र आहे. आपण रोज ज्याच्या फाटकावरून जातो ते. इंटरस्टेलर दाखवलात तर हे नक्की सांगा.

ध्रुवतारा, सध्या बंगळूर, मूळ इंदूर
शनिवार, रात्री १०:०२

नाना, पूर्वरंग-उत्तररंगाचं वाचून अंगावर काटा आला. 'कृष्णविवर' मी वाचलेली नाही. उद्याच बाबांना घरच्या कपाटात शोधायला लावते.

कृत्तिकाताई, तुमच्या वर्गासाठी एक प्रश्न. त्या पाण्याच्या ग्रहावरच्या संगीतात एक टिकटिक आहे, सव्वा सेकंदाला एक ठोका. चाहते म्हणतात की प्रत्येक ठोका म्हणजे पृथ्वीवरचा एक दिवस. मी कधी पडताळून पाहिलं नाही, हिंमतच झाली नाही.

कृत्तिका, इंदूर
रविवार, सकाळी ८:१५

एका विद्यार्थिनीला रात्रीच प्रश्न पाठवला, तिचं उत्तर सकाळी आलं. सात वर्षांचे तास साधारण ६१,३६०. म्हणजे तिथला एक सेकंद इथले ६१,३६० सेकंद. सव्वा सेकंद म्हणजे ७६,७००, त्याचे एकवीस तास अठरा मिनिटं होतात. पुढे तिने स्वतःच लिहिलंय: "पूर्ण दिवस हवा असेल तर ठोका १.४१ सेकंदाला हवा. तरी पण मॅम, जवळ आहे." शेवटच्या तीन शब्दांसाठी मी तिला जवळ घेणार आहे.

रामबागकर, इंदूर
रविवार, सकाळी ११:४०

दोन दिवसांत तुम्ही मला इतकं दिलंत की मनावर ओझं झालंय. पण निर्णय शेवटी थंडीने घेतला.

काल रात्री गच्चीवर जाऊन बसलो. साडेनऊलाच पाय गारठले. इंटरस्टेलर १६९ मिनिटांचा, मार्शियन दोन तासांच्या वर, ग्रॅव्हिटी ९१ मिनिटांचा. बावीस मुलांच्या आयांना मी उत्तर देऊ शकत नाही. मार्शियन उन्हाळ्यात लावू, इंटरस्टेलर कुणाच्या तरी हॉलमध्ये, बाबांना बरोबर आणायच्या अटीवर. लष्करवाला, तुमचा डीप इम्पॅक्टही यादीत आहे.

तर यंदा ग्रॅव्हिटी. सयाजीगंज, रागावू नका, कक्षेचं काय करायचं ते तुम्हीच सांगा.

सयाजीगंज, वडोदरा
रविवार, दुपारी १२:३०

रागावलो नाही. उलट एक सुचलंय.

स्थानक आणि हबल, दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात. स्थानक तर शुक्रासारखं झळकतं. युरोपातून हबल नीट दिसत नाही, कारण ते साडेअठ्ठावीस अक्षांशाच्या वर जातच नाही. इंदूर पावणेतेवीसवर, थेट त्याच्या पट्ट्यात. हेवन्स अबव्ह नावाच्या संकेतस्थळावर तुमच्या गच्चीवरून कोणतं किती वाजता, कुठून कुठे जाईल ते मिळतं. संध्याकाळी दोन्ही दिसतील असे दिवस बघा. मुलांना आधी दोन्ही आकाशात दाखवा, सिनेमा नंतर.

लष्करवाला, ग्वाल्हेर
रविवार, दुपारी १:०५

ग्वाल्हेरही सव्वीसवर आहे, म्हणजे हबल आमच्याही डोक्यावरून जातं. पन्नास वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. आज संध्याकाळी बघतो.

रामबागकर, इंदूर
नंतरचा रविवार, रात्री ११:१०

झालं. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी स्थानक दिसलं, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, जवळजवळ डोक्यावरून. पाच मिनिटं बावीस मुलं एक शब्द बोलली नाहीत, हे मी प्रथमच पाहिलं. शनिवारी हबल. ते मंद होतं, दोघातिघांना दाखवूनही सापडेना, मग एकदम सगळ्यांना दिसलं. तेही पश्चिमेच्या बाजूने आलं, पण बरंच सरळ पूर्वेकडे गेलं. कृत्तिकाताई आल्या होत्या. त्यांनी दोन्ही दिवस मुलांना खडूने गच्चीच्या फरशीवर वाटेची रेघ काढायला लावली होती.

मग चादर ताणली आणि सिनेमा लावला. सुरुवातीलाच आपला भारतीय अंतराळवीर तरंगत "मेरा जूता है जापानी" गातो, तेव्हा खालच्या मजल्यावरचे आजोबाही वर आले. पोरं गोधड्यांत, भुट्ट्याचा कीस वाटीवाटीने फिरत होता. स्थानकाचे तुकडे होताना कुणी ओरडलं नाही, आवाजच नव्हता ना. क्लूनीने हात सोडला तेव्हा दोन मुली रडल्या. आणि ते दोघं जेटपॅकने स्थानकाकडे निघाले होते तेव्हाच सातवीतला एक मुलगा उठून उभा राहिला होता आणि फरशीवरच्या रेघांकडे बोट दाखवून म्हणाला होता, "पर वो तो उस तरफ जाता है ना!"

सिनेमा संपल्यावर कोनमापक आलं. दहावीतल्या एका मुलीने दोन रेघांमधला कोन मोजला. तीस अंश, फार तर बत्तीस. मी तुमचा २३ चा आकडा सांगून बसलो होतो. तिने विचारलं, "काका, मग हे तीस का?" मी दोन-चार उत्तरं दिली, एकही तिला पटलं नाही, मलाही नाही. कृत्तिकाताई म्हणाल्या, उत्तर सयाजीगंजकडून येऊ दे. ती उद्या शाळेआधी विचारायला येणार आहे.

सयाजीगंज, वडोदरा
नंतरचा रविवार, रात्री ११:४२

तिने बरोबर मोजलंय! खडूच्या रेघेवरून इतकं जवळ येणं म्हणजे कमाल आहे.

तिला असं सांगा. २३ अंशांचा फरक विषुववृत्तावर दिसतो, जिथे दोन्ही कक्षा आपापल्या पूर्ण कलाने वर चढतात. उत्तरेकडे यावं तशी प्रत्येक कक्षेची वाट पूर्वेकडे झुकत जाते आणि आपल्या सर्वांत वरच्या अक्षांशावर ती पूर्ण पूर्वेकडे धावते. हबलचा तो माथा साडेअठ्ठावीस अंशांवर. इंदूर पावणेतेवीसवर, म्हणजे हबल तुमच्यावरून जातं तेव्हा माथा गाठत आलेलं असतं, बरंच वळलेलं. स्थानकाचा माथा ५१.६ वर, ते अजून सरळ चढतंय. म्हणून इंदूरमध्ये दोघांमधला कोन मोठा होतो, तीसच्या आसपास.

तिला एक संत्रं आणि दोन रबरबँड द्या, लगेच कळेल. आणि विचारा, ग्वाल्हेरला हाच कोन किती येईल? लष्करवाला तिथे मोजतील, तिने आधी सांगायचं.

लष्करवाला, ग्वाल्हेर
नंतरचा रविवार, रात्री ११:५०

खडू आणून ठेवलाय. मंगळवारी संध्याकाळी हबल आहे, स्थानक शुक्रवारी. तिचा आकडा त्याआधी इथे टाका.